कागदांना वाट दाखवणारे काम : धुळ्याच्या राजवाडे मंडळाची शंभरी

३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्यात गेले. पत्नी तरुणपणीच वारल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नव्हता. मागे उरले ते कागद : गावोगाव हिंडून मिळवलेली दप्तरे, स्वतः उतरवून घेतलेल्या नकला, शब्दांच्या टिपणांचे गठ्ठे, अर्धे राहिलेले लेख. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढणारा हा माणूस मतभेदांमुळे पुण्यापासून दूर झाला आणि आयुष्याच्या उतारावर खानदेशात येऊन राहिला. धुळ्याच्या मंडळींपुढे प्रश्न अगदी रोकडा होता. या कागदांचे करायचे काय?

त्याचे उत्तर म्हणून १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. आज ते ‘इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मंडळ’ या नावाने ओळखले जाते. गल्ली नंबर एकमध्ये त्याची वास्तू आहे आणि २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण होतील. संस्थेची शंभरी आली की अध्यक्षांची नावे, इमारतीचा पाया, पाहुण्यांच्या भेटी यांची उजळणी होते. तीही व्हावी. पण मला या शतकाकडे एका वेगळ्या कामाच्या अंगाने पाहायचे आहे. हे काम कोणाच्या डोळ्यात भरत नाही, त्याचा सत्कार होत नाही, आणि ते झाले नसेल तर बाकी सगळे मुके राहते. ते काम म्हणजे सूची करणे.

आज शाळकरी मुलालाही सूचीची गरज रोज पडते, फक्त ती त्याला दिसत नाही. कोणतेही संकेतस्थळ उघडले की पहिले पान समोर येते. त्या पानाच्या फाइलचे नाव बहुतेक वेळा ‘इंडेक्स’ असते, कारण तिथून पुढच्या सगळ्या पानांच्या वाटा फुटतात. ते पान कोणी बनवलेच नसेल, तर बरेच सर्व्हर त्या जागी फाइलींच्या नावांची उघडी यादी दाखवतात. नाव, तारीख, आकार, बस. आत काय आहे याचा पत्ता नाही. शोधयंत्राचेही तसेच. आपण शब्द टाकतो तेव्हा ते जगभरची पाने धुंडाळायला धावत नाही. त्याने आधीच एक प्रचंड सूची करून ठेवलेली असते, कोणता शब्द कोणकोणत्या पानावर आहे याची. आपला शब्द त्या सूचीत सापडला तर पान सापडते. जे सूचीत नाही ते जगात असूनही नसल्यासारखे. पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या शब्दसूचीचाच हा अवाढव्य अवतार आहे, आणि या विद्येचा मराठी वारसा धुळ्यात मोठा आहे.

धुळे हे शहरच मुळी पत्त्याच्या बाबतीत शिस्तीचे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढच्या वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठचे हे गाव जिल्ह्याचे ठाणे म्हणून निवडले. नवी वस्ती आखीव रस्त्यांची झाली. आजही धुळेकर पत्ता सांगतो तो गल्लीच्या नंबराने. ‘चार नंबर गल्ली’ म्हटले की पुढे फारसे विचारावे लागत नाही.

मंडळ निघण्याआधीच या गावात कागद जमवण्याची आणि लावण्याची परंपरा रुजली होती. १८९३ साली येथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. तिचे प्राण होते वकील शंकर श्रीकृष्ण देव, समर्थभक्त नानासाहेब देव. समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे मठ त्यांनी पालथे घातले आणि बाडे व पोथ्या मिळवल्या. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून त्यांनी सिद्ध केलेला दासबोध १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुढे हा हस्तलिखितांचा ठेवा धुळ्यातल्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आला. समर्थांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकिरामायण तिथेच आहे.

बाड हा प्रकार ज्याने हाताळला नाही त्याला सूचीची निकड कळणे कठीण. लांबट, शिवलेली वही. लिहिणारा कोणी मठातला शिष्य, कोणी गावचा कुलकर्णी, कोणी कीर्तनकार. त्याला जे जे आवडले, ऐकायला मिळाले, उपयोगी वाटले ते ते त्याने एकामागून एक उतरवले. तुकोबांच्या अभंगाखाली एखादी आरती, मग वामन पंडितांचे श्लोक, मध्येच तापावरचा काढा, पुढच्या पानावर कुणाची तरी जन्मवेळ. एका बाडात पंचवीस कवी सहज निघू शकतात. बाहेरून नुसते ‘बाड’ एवढीच नोंद ठेवली तर ते पंचवीसही कवी पुन्हा गाडले जातात. म्हणून प्रत्येक बाडाला क्रमांक हवा, आणि प्रत्येक बाडाच्या पोटात काय काय आहे याची टीप हवी. संतसाहित्यावरच्या संशोधनपर ग्रंथांच्या तळटिपांत धुळ्याच्या बाडांचे क्रमांक भेटतात, ते या शिस्तीमुळे. क्रमांक दिला म्हणून दूरच्या अभ्यासकाला नेमके पान मागता आले.

राजवाड्यांच्या कागदांची अडचण निराळी होती. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. पहिला खंड १८९८ चा, १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा, म्हणजे थेट पानिपतापर्यंतचा. ही पत्रे वाचणे हे अर्धेच काम. जुन्या पत्रात पुष्कळदा वर्ष लिहिलेलेच नसते. ‘छ ७ रमजान’ एवढा चंद्र दिलेला, म्हणजे महिना आणि दिवस कळला. साल कोणते, ते लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ठाऊकच होते, म्हणून ते कागदावर उतरले नाही. कधी साल येते ते अरबी शब्दांत. ‘तिसा खमसैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५९, आणि त्यात ५९९ मिळवले की इसवी सनाचे १७५८-५९. साल नसेल तर पत्रातली माणसे, मुक्काम, चालू असलेली मोहीम यांवरून ते ठरवावे लागते. एका पत्राचे साल चुकले की फौज एका वर्षी दोन ठिकाणी उभी दिसते आणि पुढचा सगळा इतिहास वाकडा जातो. राजवाडे प्रस्तावनांमधून मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या चुका दाखवू शकले ते या तारखा लावण्याच्या चिवट कामाच्या बळावर. तारखेने लावलेली पत्रे ही सुद्धा सूचीच आहे. ती काळाची सूची आहे.

असे असूनही खुद्द राजवाड्यांचे लेखन मात्र विखुरलेले राहिले. त्यांना पैशाचे बळ नव्हते. जो छापखाना, जे मासिक, जो स्नेही हात देईल तिथे त्यांचे छापले जाई. काही खंड विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ या मासिकातून आले, लेख कितीतरी नियतकालिकांत पसरले. त्यांच्या मृत्यूनंतर एका पिढीने जरी दुर्लक्ष केले असते, तरी हे लेखन ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच सापडेल अशी अवस्था झाली असती.

इथे धुळ्याच्या मंडळाने जे केले ते मला त्याच्या शतकातले सर्वांत मोठे काम वाटते. राजवाडे अखेरच्या वर्षांत मराठी धातूंचा आणि शब्दांच्या व्युत्पत्तीचा संग्रह करत होते. मनुष्य गेल्यावर अशा टिपणांची जी गत होते ती आपण सगळ्यांनी घरोघर पाहिली आहे. मंडळाने ती टिपणे सांभाळली आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्याकडे संपादन सोपवले. १९३७ साली ‘राजवाडे मराठी धातुकोश’ निघाला, १९४२ साली ‘राजवाडे नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’. जिल्ह्याच्या गावातल्या एका हौशी मंडळाने, स्वातंत्र्यापूर्वी, दुसरा कोश तर महायुद्धाच्या टंचाईत, कोशांसारखे किचकट आणि खर्चिक काम पार पाडले. राजवाड्यांच्या व्युत्पत्ती सगळ्याच टिकतात असे नाही. त्यांतल्या कित्येक पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढल्या, आणि त्यांचे खोडणे योग्यच होते. पण खोडायला तरी त्या हाताशी लागल्या. अकारविल्हे लावल्या नसत्या तर त्यांच्याशी वादही घालता आला नसता.

याच काळात, १९३२ पासून, मंडळाचे ‘संशोधक’ हे त्रैमासिक सुरू झाले. भास्कर वामन भट यांच्यासारखे साक्षेपी अभ्यासक राजवाड्यांच्या सहवासात तयार झाले होते. नानासाहेब देवांचा हात पाठीशी होता. सरकारी विद्यापीठ जवळपास नसताना खानदेशातल्या शिक्षकांना, वकिलांना, गावच्या कागदपत्रांवर काम करणाऱ्या साध्या माणसांना लिहायला एक जागा मिळाली. ताम्रपट, शिलालेख, घराण्यांचे कागद, जुनी काव्ये यांना खानदेशातच व्यासपीठ मिळाले. वास्तूत नाणी, मूर्ती, चित्रे यांचा संग्रहही उभा राहिला.

मग विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मंडळाने आपले जुने कर्ज फेडले. मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली ‘इतिहासाचार्य वि. का. राजवाडे समग्र साहित्य’ तेरा खंडांत प्रसिद्ध झाले. साधनांच्या प्रस्तावना, भाषेवरचे लेख, समाजशास्त्रीय निबंध, संकीर्ण लेखन विषयवार एकत्र आले. ज्याला राजवाड्यांचा एखादा लेख हवा त्याला आता जुन्या मासिकांच्या फायली धुंडाळत पुणे-कोल्हापूर करावे लागत नाही. माझ्यासारख्या वाचकाला राजवाडे सलग वाचता आले ते या तेरा खंडांमुळे, आणि त्याबद्दलची कृतज्ञता मी इथे स्पष्ट शब्दांत नोंदवतो.

महाराष्ट्रात सूचीकारांची परंपरा तशी आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे ती १९५० पर्यंत आणली. आज कोणत्याही जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढायचा तर दात्यांचे दार ठोठावावे लागते. पण दात्यांचे नाव किती वाचकांना ठाऊक आहे? कादंबरीकाराला आपण ओळखतो. त्या कादंबरीपर्यंत आपल्याला नेणाऱ्याला ओळखत नाही. हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

खानदेशाच्या कागदांना सूचीची गरज इतरांपेक्षा अंमळ जास्तच आहे, आणि त्याचे कारण नावांत आहे. अकबराने हा मुलूख जिंकल्यावर राजपुत्र दानियालच्या नावाने त्याला काही काळ ‘दानदेश’ म्हटले गेले. इंग्रजी अमलात एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. पुढे तेच जळगाव जिल्हा आणि धुळे जिल्हा झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आता एखादी विद्यार्थिनी १९३६ च्या फैजपूर काँग्रेसवर काम करते आणि शोधाच्या चौकटीत ‘जळगाव जिल्हा’ असे लिहिते. त्या वेळच्या कागदावर ‘पूर्व खानदेश’ लिहिलेले आहे. यंत्र तिला सांगते, काही सापडले नाही. शहाद्याच्या शेतकऱ्याचा जुना कागद पश्चिम खानदेशात पडलेला, आणि नातू तो नंदुरबारच्या नावाने शोधतो. शिवाय एकाच गावाचे नाव मोडीत एक, इंग्रजी कागदात दुसरे, अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडी तिसरे. या सगळ्या नावांना एकमेकांशी बांधणारी ओळ माणसालाच लिहावी लागते : ‘पूर्व खानदेश पाहा’, ‘पश्चिम खानदेश पाहा’. सूचीतल्या या ‘पाहा’ने किती वाटा वाचवल्या असतील!

हल्ली सगळीकडे एक समजूत पसरली आहे की कागद स्कॅन केले की काम झाले. स्कॅनिंग हवेच. वाळवी, ओल, आग, पूर यांच्यापासून मजकूर वाचवायचा तर दुसरा मार्ग नाही. परंतु ‘आयएमजी ०४५७’ अशा नावाच्या दहा हजार प्रतिमा एका हार्ड डिस्कवर टाकल्या की तयार होतो तो गाठ न सोडलेल्या रुमालासारखाच एक गठ्ठा. पूर्वी कपड्याची गाठ सोडावी लागे, आता फाइल उघडावी लागते. आत काय आहे हे दोन्ही वेळा उघडल्याशिवाय कळत नाही.

छापील देवनागरी यंत्राला आता बऱ्यापैकी वाचता येते. मोडीचे तसे नाही. मोडी धावती लिपी. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही, प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे, आणि संक्षेपांची रेलचेल. शोधयंत्राची सारी मदार शब्द सुटा करण्यावर. इथे शब्द सुटाच नसतो. संगणकाच्या युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंचात मोडीला स्वतःची जागा मिळाली ती २०१४ साली. म्हणजे मोडी मजकूर मोडीतच टंकण्याची सर्वमान्य सोय होऊन फार वर्षे झालेली नाहीत. यंत्रे हस्तलिखित मोडी वाचायला शिकतील, त्यासाठी प्रयत्न चालू आहेत. पण त्यांना शिकवायलाही मोडी जाणणाऱ्या माणसाने वाचून दिलेले हजारो नमुने लागतात. तोवर, आणि त्यानंतरही, प्रत्येक कागदाला चार ओळींची ओळख हवी : कोणी कोणास लिहिले, कोठून, केव्हा, कशाविषयी. ही चार उत्तरे ज्या कागदाला मिळाली तो कागद जिवंत झाला.

जळगावकडे पाहिले तर हीच गोष्ट नव्या रूपात दिसते. व. वा. जिल्हा वाचनालय हे १८७७ सालचे. दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर आलेली ही संस्था खानदेशच्या वाचनाचा कणा आहे. २५ मार्च २०१२ रोजी जैन हिल्सवर गांधीतीर्थाचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. भवरलाल जैन यांच्या ध्यासातून उभ्या राहिलेल्या या संस्थेत गांधीजींविषयीचे कागद, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे जतन करण्याचे आणि त्यांच्या डिजिटल प्रती करण्याचे काम चालते. गांधीजींचे उदाहरण सूचीच्या बाबतीत मोठे बोलके आहे. त्यांचे इंग्रजी समग्र वाङ्मय शंभर खंडांचे. त्यातला ९८ वा खंड अख्खा विषयसूचीचा आणि ९९ वा व्यक्तिसूचीचा. संपादकांनी दोन पूर्ण खंड केवळ वाट दाखवण्यासाठी खर्ची घातले, आणि अभ्यासकाला विचारा, तो सगळ्यात आधी हेच दोन खंड काढतो.

जळगावला विद्यापीठ १९९० साली आले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी टिकली ती घरातल्या माणसांनी वेळीच उतरवून ठेवली म्हणून. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचा संग्रह निघाला. ही नोंद नसती तर विद्यापीठाला द्यायला ते नावही उरले नसते. इतिहास आणि मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प करावा लागतो. चर्वितचर्वण झालेल्या विषयांवर पन्नास पाने भरण्यापेक्षा एका विद्यार्थ्याने एका बाडाची किंवा ‘संशोधक’च्या एका वर्षाच्या अंकांची तपशीलवार सूची केली, तर ते काम त्याच्या पदवीनंतरही कुणाच्या तरी कामी येत राहील. सूची करणे म्हणजे कमी प्रतीचे संशोधन, ही विद्यापीठांतली समजूत आधी जायला हवी. चांगली सूची करायला विषय कळावा लागतो, लिपी यावी लागते, जंत्री उघडून तारीख पडताळावी लागते आणि न समजलेल्या जागी प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह टाकावे लागते.

डिसेंबर २०२६ मध्ये राजवाड्यांना जाऊन शंभर वर्षे होतील आणि २०२७ मध्ये मंडळाची शंभरी भरेल. समारंभ होतील, भाषणे होतील. खानदेशातल्या वाचकांना माझी विनंती त्याहून साधी आहे. माळ्यावर, देवघराच्या फडताळात, जुन्या पेटीत मोडीचे कागद, जमाखर्चाच्या वह्या, आजीच्या ओव्यांची वही, वाटणीपत्रे, सहकारी सोसायटीची जुनी बुके असतील तर ती रद्दीत घालू नका. आधी एका वहीत चार रकाने आखा : काय आहे, कोणाचे आहे, कोणत्या गावचे आहे, कोणत्या सालचे वाटते. मोडी येत नसेल तर शिका; जमत नसेल तर जाणकाराला दाखवा. मग ती यादी घेऊन धुळ्याला गल्ली नंबर एकमध्ये जा, किंवा जळगावात तुम्हाला जवळ असेल त्या वाचनालयात, विद्यापीठात जा, आणि मूळ कागद नाही तरी निदान त्यांच्या प्रती आणि ती चार रकान्यांची यादी तिथे द्या. आठवड्यातले दोन तास मोकळे असलेले निवृत्त शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी खानदेशात हजारोंनी आहेत. त्यांतल्या काहींनी जरी एकेक बाड वाटून घेतले, तरी राजवाडे आणि देव यांनी जमवलेल्या कागदांचे पुढच्या शतकाचे काम सुरू होईल. हे काम आत्ताच हाती घ्या. मोडी वाचणारी पिढी थकत चालली आहे.